फार्महाऊसमधील जलतरण तलावाच्या यंत्रकक्षाचे नूतनीकरण

जलतरण तलावाचा यंत्रकक्ष म्हणजे तलावातील पाणी फिरवणारी, गाळणारी आणि निर्जंतुक करणारी यंत्रे ज्या खोलीत, खड्ड्यात किंवा आडोशाला बसवलेली असतात ती जागा होय. बोलीभाषेत तिला ‘फिल्टर रूम’ किंवा ‘पंप रूम’ असे म्हणतात. या जागेतील यंत्रे, नळजोडणी, विद्युत मांडणी, रसायनांची साठवण आणि सांडपाण्याचा निचरा यांची एकत्रित फेररचना करणे म्हणजे यंत्रकक्षाचे नूतनीकरण. प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे या तालुक्यांतील फार्महाऊस, बंगले आणि कृषी पर्यटन केंद्रे यांच्या खासगी तलावांच्या संदर्भात या नियोजनाची माहिती दिली आहे. या भागातील पाऊस, उतार, धरणांची पाणलोट क्षेत्रे आणि ग्रामीण वीजपुरवठा यांमुळे यंत्रकक्षाचे नियोजन सपाट शहरी भागापेक्षा वेगळे ठरते.

भौगोलिक पार्श्वभूमी

भोर व वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागातील सह्याद्रीलगतचे तालुके आहेत. वेल्हे तालुक्याचे नाव ‘राजगड’ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. तोरणा व राजगड हे किल्ले वेल्हे तालुक्यात, तर रोहिडा व रायरेश्वर भोर तालुक्यात आहेत. वेळवंडी नदीवरील ब्रिटिशकालीन भाटघर धरण आणि नीरा नदीवरील नीरा देवघर धरण भोर तालुक्यात आहे. आंबी नदीवरील पानशेत, मोसे नदीवरील वरसगाव आणि कानंदी नदीवरील गुंजवणी ही धरणे वेल्हे परिसरात आहेत. पानशेत व वरसगावचे पाणी खडकवासला धरणात येते व तेथून पुणे शहराला पिण्यासाठी पुरवले जाते.

पुणे–सातारा महामार्ग भोर तालुक्याच्या पूर्व भागातून जातो. नसरापूरहून वेल्ह्याकडे आणि कापूरहोळहून भोरकडे जाणाऱ्या रस्त्यांमुळे हा परिसर पुण्याहून आठवडाअखेरीस येण्याजोग्या अंतरावर आहे. त्यामुळे जलाशयांच्या काठाने व किल्ल्यांच्या पायथ्याशी फार्महाऊस आणि भाड्याने दिले जाणारे बंगले उभे राहिले आहेत. अशा ठिकाणचा तलाव अनेकदा आठवड्यातील पाच दिवस रिकामा व दोन दिवस गर्दीचा असतो. यंत्रांची देखभाल बहुधा त्याच गावातील रखवालदाराकडे असते. या दोन्ही गोष्टींचा विचार नियोजनात करावा लागतो.

घाटमाथ्याकडील पश्चिम भागात पावसाळ्यात अतिवृष्टी होते व पूर्वेकडे पावसाचे प्रमाण झपाट्याने कमी होते. जमिनीखाली बहुतेक ठिकाणी मुरूम व त्याखाली बेसाल्टचा काळा कातळ आढळतो. पावसाळ्यात मुरमातून झिरपणारे पाणी कातळावर अडते. उन्हाळ्यात मात्र धरणांलगतच्या काही वाड्यांनाही पाणीटंचाई जाणवते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण याच स्थितीला उद्देशून वापरली जाते.

यंत्रकक्षाचे घटक

तलावाच्या तळाशी असलेल्या मुख्य निचऱ्यातून आणि काठावरील स्किमरमधून पाणी पंपाकडे ओढले जाते. काठावरून सतत पाणी ओसंडणाऱ्या तलावांत हे पाणी आधी समतोल टाकीत जमा होते. पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीत पाने व केस अडकतात. पुढे पाणी वाळूच्या फिल्टरमधून जाते आणि निर्जंतुकीकरणानंतर भिंतीतील तोंडांवाटे तलावात परतते. फिल्टरवरील बहुमार्गी व्हॉल्व्ह पाण्याची दिशा बदलतो. गाळणे, फिल्टर उलटा धुणे म्हणजे बॅकवॉश, वाळू बसवणे आणि पाणी बाहेर सोडणे ही कामे त्याद्वारे होतात.

याखेरीज यंत्रकक्षात दाबमापक, एकाच दिशेने पाणी जाऊ देणारे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, क्लोरीन सोडणारे यंत्र, विद्युत पॅनेल व पाण्याखालील दिव्यांचा ट्रान्सफॉर्मर असतो.

नूतनीकरणाची कारणे

पाणी गढूळ राहणे, शेवाळ धरणे, पंपाचा आवाज वाढणे, सांध्यांतून गळती होणे, पॅनेल गंजणे आणि पावसाळ्यात खड्ड्यात पाणी शिरून मोटर जळणे ही नूतनीकरणाची नेहमीची कारणे आहेत. प्रत्यक्षात अनेकदा जळालेल्या पंपाच्या जागी अधिक अश्वशक्तीचा पंप बसवून काम भागवले जाते. नळ व फिल्टर जुनेच राहिल्यास या बदलाचा फारसा उपयोग होत नाही. नळातील घर्षण वेगाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने विजेचा खर्च बराच वाढतो व प्रवाह थोडाच वाढतो. शोषण नळ अरुंद असल्यास पंपात पाण्याचे बुडबुडे फुटून पंख्याची झीज होते. फिल्टरमधून मर्यादेपेक्षा वेगाने पाणी गेल्यास वाळूत वाटा पडतात आणि घाण न अडकता तलावात परत येते. त्यामुळे नियोजनाचा आरंभ पंपाच्या निवडीपासून न करता तलावातील पाण्याच्या मोजणीपासून केला जातो.

पाहणी

प्रथम अस्तित्वातील मांडणीचा नकाशा तयार करतात. जमिनीखालील नळांचे मार्ग, व्यास, व्हॉल्व्ह आणि विद्युत तारा त्यात दाखवल्या जातात. जुने नकाशे उपलब्ध नसल्यास एकेक व्हॉल्व्ह बंद करून कोणता नळ कोठे जातो हे ताडून पाहतात आणि प्रत्येक व्हॉल्व्हला क्रमांक देतात.

गळती तपासण्यासाठी बादलीची चाचणी प्रचलित आहे. पाण्याने भरलेली बादली तलावाच्या पायरीवर ठेवून बादलीतील व तलावातील पातळी २४ तासांनी मोजतात. दोन्ही सारख्याच उतरल्यास घट बाष्पीभवनाची असते. तलावाची पातळी अधिक उतरल्यास गळती असते. ५० चौरस मीटर पृष्ठभागाच्या तलावात दररोज ५ मिलिमीटर गळती म्हणजे २५० लिटर पाणी होय. महिन्याला हा आकडा ७,५०० लिटरपर्यंत जातो. टँकरने पाणी आणावे लागणाऱ्या ठिकाणी ही गळती थांबवणे नव्या यंत्रांपेक्षाही अधिक निकडीचे असते. पंप चालू व बंद अशा दोन्ही स्थितींत चाचणी घेतल्यास गळती नळांत आहे की तलावाच्या भिंतीत, याचा अंदाज येतो.

पाण्याचे गणित

तलावातील सर्व पाणी एकदा फिल्टरमधून जाण्यास लागणाऱ्या काळाला आवर्तनकाळ म्हणतात. घरगुती तलावासाठी तो सहा ते आठ तास धरण्याची पद्धत आहे. गर्दीच्या तलावासाठी तो कमी ठेवावा लागतो.

उदाहरणार्थ, १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल तलावात ७० घनमीटर म्हणजे ७०,००० लिटर पाणी मावते. सहा तासांच्या आवर्तनासाठी ताशी सुमारे ११.७ घनमीटर प्रवाह लागतो. वाळूच्या फिल्टरमधून पाणी ताशी ३० मीटर वेगाने न्यायचे ठरवल्यास ०.३९ चौरस मीटर क्षेत्रफळ, म्हणजे सुमारे ७०० मिलिमीटर व्यासाचा फिल्टर आवश्यक ठरतो.

शोषण नळातील वेग सेकंदाला १.५ मीटरपेक्षा कमी राखणे इष्ट मानले जाते. वरील प्रवाह ५० मिलिमीटर बाह्यव्यासाच्या नळातून नेल्यास वेग सुमारे २ मीटर होतो. ६३ मिलिमीटरच्या नळात तो सुमारे १.३ मीटर, तर ७५ मिलिमीटरच्या नळात ०.९ मीटरच्या आसपास राहतो. म्हणजेच येथे मोठ्या पंपापेक्षा रुंद नळ अधिक उपयुक्त ठरतो. काटकोनी वळणे कमी करणे आणि पंपाच्या तोंडापूर्वी काही अंतर नळ सरळ ठेवणे यांमुळेही घर्षण व झीज घटते.

सुमारे १ किलोवॉट वीज घेणारा पंप दिवसाला आठ तास चालल्यास महिन्याला २४० युनिट वीज लागते. बदलत्या वेगाच्या पंपामुळे हा खर्च कमी करता येतो. पंपाचा वेग निम्मा केल्यास प्रवाह निम्मा होतो व लागणारी शक्ती तत्त्वतः एक अष्टमांश होते. दुप्पट वेळ चालवूनही ऊर्जा एक चतुर्थांश लागते. प्रत्यक्षातील बचत मोटर व नळजोडणीनुसार याहून कमी असते. आठवड्याचे मधले दिवस तलाव वापरात नसेल तेथे मंद वेगाने दीर्घकाळ गाळण्याची पद्धत सोयीची ठरते.

फिल्टरमध्ये ठरावीक आकाराची धुतलेली गारगोटीची वाळू वापरतात. नदीतील बांधकामाची वाळू कणांच्या असमान आकारामुळे व मातीमुळे चालत नाही. वाळू साधारणतः पाच ते सात वर्षांनी बदलली जाते. त्याच वेळी फिल्टरच्या तळातील फटीदार नळ्या तपासतात.

जागा, उंची आणि पावसाळा

पंप तलावातील पाण्याच्या पातळीखाली असल्यास त्यात पाणी आपोआप भरलेले राहते. पातळीच्या वर असल्यास हवा शिरण्याचा धोका असतो आणि स्वतः पाणी ओढून घेणारा पंप लागतो. या कारणास्तव सपाट जागेत यंत्रकक्ष जमिनीखाली खोदला जातो. भोर–वेल्ह्याच्या पश्चिम भागात असा खड्डा पावसाळ्यात विहिरीसारखा भरतो. त्यात पाणी उपसणारा पंप बसवला, तरी वादळी पावसात वीज खंडित झाल्यावर नेमका तोच बंद पडतो.

उताराच्या जागेत तलावाच्या खालच्या अंगाला यंत्रकक्ष बांधल्यास ही अडचण बऱ्याच अंशी टळते. तेथे खोलीची फरशी बाहेरील जमिनीच्या बरोबरीने ठेवूनही पंप तलावाच्या पातळीखाली राहतो आणि खोलीतील पाणी पंपाविना वाहून जाते. वरच्या अंगाला चर खणून डोंगरावरून येणारे पाणी बाजूला वळवावे लागते. पंप व पॅनेलची जागा ठरवताना मागील पावसाळ्यांतील पाण्याच्या खुणा पाहिल्या जातात. पंप ओट्यावर बसवतात व पॅनेल त्याहून उंच भिंतीवर ठेवतात. पातळीखालील कक्षात तलावाकडून येणाऱ्या व तलावाकडे जाणाऱ्या प्रत्येक नळावर बंद करता येणारा व्हॉल्व्ह आवश्यक असतो. तो नसल्यास एखादा सांधा निखळताच तलावाचे पाणी खोलीत शिरू शकते.

नूतनीकरणासाठी तलाव पावसाळ्यात रिकामा करणे धोक्याचे असते. भोवतालच्या मुरमात साचलेले भूजल रिकाम्या तलावाला नावेप्रमाणे वर उचलते. ७० घनमीटरच्या तलावाभोवती पाणी काठापर्यंत चढल्यास ही उचल ७० टनांहून अधिक असते. त्यामुळे तळाला तडे जाऊ शकतात. तलाव रिकामा करण्यापूर्वी भूजलपातळी तपासणे आणि तळाशी दाबमुक्ती व्हॉल्व्ह असल्यास तो चालू स्थितीत असल्याची खात्री करणे आवश्यक असते.

विद्युत सुरक्षा

ओल्या शरीराचा विजेला होणारा रोध कमी असल्याने तलावाजवळील विजेची गळती प्राणघातक ठरू शकते. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या मानकात तलावाभोवती तीन विभाग कल्पिलेले आहेत. तलावाचा अंतर्भाग हा शून्य विभाग, काठापासून २ मीटरपर्यंतचा पहिला विभाग आणि त्यापुढील १.५ मीटरचा दुसरा विभाग होय. पाण्यातील दिव्यांसाठी १२ व्होल्टचा सुरक्षित अल्पदाब पुरवठा वापरतात व त्याचा ट्रान्सफॉर्मर या विभागांबाहेर ठेवतात.

पंप व इतर यंत्रांच्या मंडलांवर ३० मिलिअँपिअर क्षमतेचा गळतीरोधक स्विच बसवला जातो. जनित्र किंवा इन्व्हर्टरवर पुरवठा असतानाही तो कार्यरत राहील, अशी जोडणी करावी लागते. शिडी, कठडे, पंपाचे धातूचे भाग व तलावाचे लोखंडी सळईकाम एकमेकांना जोडून भूसंपर्कित केले जाते. कातळाच्या जमिनीत भूसंपर्काचा रोध उन्हाळ्यात वाढतो. त्यामुळे तो पावसाळ्यातील ओल्या जमिनीत मोजून समाधान न मानता मे महिन्यातील कोरड्या जमिनीतही मोजणे उचित असते.

ग्रामीण भागात वीज वारंवार जाते व दाब कमीजास्त होतो. शेतीपंपांप्रमाणेच येथेही त्रिकला मोटरसाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर आणि दाब बिघडल्यास मोटर थांबवणारा रिले उपयोगी पडतो. शेतीपंपाच्या स्टार्टरवर वीज येताच पंप आपोआप सुरू करणारा ‘ऑटो स्विच’ सर्रास लावलेला असतो. तलावाच्या पंपाला तो तसाच जोडल्यास जाळी उघडून हात घातलेल्या किंवा व्हॉल्व्ह फिरवत असलेल्या माणसाला इजा होऊ शकते. म्हणून देखभालीच्या वेळी कुलूप लावून बंद ठेवता येईल असा मुख्य स्विच यंत्रकक्षाच्या दाराजवळ देतात. दाब बिघडणे वा पाणी नसणे यांमुळे थांबलेला पंप माणसाने तपासल्यावरच पुन्हा सुरू होईल, अशी रचना अधिक सुरक्षित मानली जाते.

शेतीपंपासाठी घेतलेल्या वीजजोडणीवर तलावाचा पंप चालवता येत नाही. मंजूर कारणाव्यतिरिक्त अन्य कारणासाठी केलेला वापर वीज अधिनियम, २००३ च्या कलम १२६ अन्वये अनधिकृत वापर ठरतो. विद्युत मांडणीचे काम परवानाधारक कंत्राटदाराकडून करून घ्यावे लागते.

रसायनांची साठवण

निर्जंतुकीकरणासाठी सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण, कॅल्शियम हायपोक्लोराइटची पूड किंवा ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्लाच्या वड्या वापरतात. सामू कमी करण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल आणि वाढवण्यासाठी धुण्याचा सोडा वापरला जातो. पोहण्याच्या पाण्याचा सामू सामान्यतः ७.२ ते ७.८ आणि मुक्त क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम राखतात. भारतीय मानक ब्युरोचे आय.एस. ३३२८ हे मानक जलतरण तलावातील पाण्याच्या गुणवत्तेसंबंधी आहे.

हायपोक्लोराइट व आम्ल एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. कॅल्शियम हायपोक्लोराइट व ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्ल एकमेकांत मिसळल्यास आग वा स्फोट होऊ शकतो. त्यामुळे दोहोंसाठी एकच डबा किंवा एकच माप वापरणे टाळले जाते. क्लोरीन वायू हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्याने तो खोलगट जागेत साचतो. जमिनीखालील यंत्रकक्षात रसायने ठेवणे म्हणूनच विशेष धोक्याचे असते. रसायनांसाठी जमिनीवर, सावलीत व तळाजवळ झरोके असलेली स्वतंत्र कुलूपबंद जागा देतात. आम्ल वेगळ्या कप्प्यात ठेवतात. त्याच्या वाफेमुळे पंप व पॅनेलही गंजतात. डब्यांवरील सूचना मराठीत लिहिणे आणि ‘रसायन पाण्यात घालावे, रसायनावर पाणी ओतू नये’ असा फलक लावणे देखभाल करणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. आकर्षण पंप थांबल्यास रसायन सोडणारे यंत्रही थांबेल, अशी विद्युत जोडणी केली जाते. ती नसल्यास नळात साचलेले तीव्र रसायन पंप सुरू होताच तलावातील माणसांच्या अंगावर येऊ शकते.

शोषणद्वारांची सुरक्षा

तळाच्या एकाच निचऱ्यातून पंप पाणी ओढत असेल आणि त्याची जाळी तुटलेली असेल, तर पोहणाऱ्याचे केस वा शरीर तेथे घट्ट ओढले जाऊ शकते. अमेरिकेत २००२ मध्ये अशा घटनेत सात वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाल्यानंतर तिच्या नावाने ओळखला जाणारा व्हर्जिनिया ग्रॅम बेकर जलतरण तलाव व स्पा सुरक्षा कायदा २००७ मध्ये संमत झाला. किमान ०.९ मीटर अंतरावरील दोन निचरे एकाच नळाला जोडणे आणि त्यांवर फुगीर, केस न अडकणाऱ्या जाळ्या बसवणे हा त्यावरील प्रचलित उपाय आहे. पंपाची क्षमता वाढवताना जुन्या जाळीची प्रवाहमर्यादा ओलांडली जाते का, हे तपासणे आवश्यक असते. पंप तातडीने बंद करण्याचे बटण यंत्रकक्षाबरोबरच तलावाच्या काठावरून दिसेल अशा ठिकाणीही देतात.

बॅकवॉशच्या पाण्याचा निचरा

दाबमापकावरील दाब स्वच्छ स्थितीपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.५ ते ०.७ किलोग्रॅमने वाढल्यावर फिल्टर उलटा धुतला जातो. वर दिलेल्या उदाहरणातील ७०० मिलिमीटरच्या फिल्टरला तीन ते पाच मिनिटांच्या धुलाईत साधारण एक ते दीड हजार लिटर पाणी लागते. या पाण्यात गाळ, शेवाळ व क्लोरीन असते. अल्प प्रमाणातील क्लोरीनही मासे व इतर जलचरांना घातक असते. भोर व वेल्ह्यातील ओढे पुढे धरणांना किंवा गावाच्या विहिरींजवळील नाल्यांना मिळतात. त्यामुळे हे पाणी थेट ओढ्यात सोडणे अयोग्य ठरते. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ नुसार प्रवाहात वा विहिरीत प्रदूषक पदार्थ सोडण्यास मनाई आहे.

नियोजनात किमान एका धुलाईचे सर्व पाणी मावेल अशी निवळण टाकी धरतात. टाकीत गाळ खाली बसतो. उघड्यावर उन्हात पाणी ठेवल्यास क्लोरीन क्रमाने कमी होतो. ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्ल वापरणाऱ्या तलावात मात्र त्यास अधिक वेळ लागतो. क्लोरीन संपल्याची चाचणी घेऊन हे पाणी झाडांना देता येते किंवा शोषखड्ड्यात सोडता येते. मिठापासून क्लोरीन तयार करणारी यंत्रणा असलेल्या तलावाचे खारे पाणी शेतीस वापरणे मात्र जमिनीला अपायकारक ठरू शकते.

परवानग्या

यंत्रे बदलण्यापुरते काम आणि नवी खोली बांधणे यांत फरक केला जातो. भोर व वेल्हे तालुक्यांचा काही भाग २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात येतो. बांधकामासाठी संबंधित नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते. पश्चिम घाटातील पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या प्रारूप अधिसूचनांत या तालुक्यांतील काही गावांचा समावेश आहे. त्यामुळे गाव कोणत्या यादीत आहे, हे खोदकामापूर्वी पाहिले जाते.

कामाचा क्रम

पाहणी व मोजणी पावसाळ्यात करणे फायद्याचे असते. पाणी कोठे साचते व कोठून झिरपते, हे त्याच काळात दिसते. खोदकाम, नळजोडणी व बांधकाम दिवाळीनंतरच्या कोरड्या महिन्यांत केले जाते. तलाव पूर्ण रिकामा करावा लागणार असल्यास पुन्हा भरण्यासाठी लागणारे पाणी उन्हाळी टंचाईपूर्वी उपलब्ध होईल, असे वेळापत्रक आखतात. केवळ यंत्रकक्षातील काम असल्यास नळांची तोंडे बंद करून तलावातील पाणी तसेच ठेवता येते.

खर्च टप्प्यांत विभागावा लागल्यास प्रथम विद्युत सुरक्षा व शोषणद्वारे, नंतर निचरा व गळती, त्यानंतर नळ व फिल्टर आणि शेवटी स्वयंचलित उपकरणे असा क्रम सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्य ठरतो.

चाचणी व हस्तांतरण

नळ मातीखाली बुजवण्यापूर्वी दाबाखाली ठेवून सांधे तपासतात आणि छायाचित्रे घेतात. पंप सुरू केल्यावर प्रवाह, स्वच्छ फिल्टरचा दाब व मोटरचा विद्युतप्रवाह नोंदवतात. हे आकडे पुढील सर्व देखभालीचा आधार ठरतात. गळतीरोधक स्विचची चाचणी त्यावरील बटण दाबून दरमहा केली जाते.

नळांचा नकाशा, व्हॉल्व्हचे क्रमांक, बॅकवॉशचा क्रम आणि आपत्कालीन सूचना भिंतीवर मराठीत लावतात. देखभाल करणाऱ्या व्यक्तीकडून सर्व क्रिया प्रत्यक्ष करून घेतल्यावर काम पूर्ण झाले असे मानले जाते. पहिल्या पावसाळ्यानंतर यंत्रकक्षाची फेरपाहणी करून ओल, गंज व भूसंपर्काचा रोध यांची पुन्हा नोंद घेतली जाते.

हे सुद्धा पहा

भाटघर धरण
पानशेत धरण
कृषी पर्यटन
जलशुद्धीकरण
भूसंपर्कन